सॉफ्टवेअर बदलू की नाद सोडू?

पत्र लांब आहे, म्हणून आधी थोडक्यात सांगते. लिहिणारे गृहस्थ दिवसा नोकरी करतात आणि रात्री घरचे झोपले की कॉम्प्युटरसमोर बसून संगीत रचतात. तरुणपणी ते बासरी वाजवत. ती आता कपाटात आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सीक्वेन्सिंगचं, म्हणजे सूर पडद्यावर नोंदवून, मांडून वाजवून घेण्याचं, एक सॉफ्टवेअर आणि छोटा मिडी कीबोर्ड घेतला. आज त्यांच्या फोल्डरमध्ये 74 प्रोजेक्ट आहेत, पूर्ण झालेले तीन. बाकीच्यांबद्दल ते लिहितात, 'सगळं जागच्या जागी आहे, पण जीव नाही. साच्यातून काढल्यासारखं वाटतं.' शिवाय कळ दाबली की आवाज मागाहून येतो. ताल सरळ करायला क्वांटाइझ केलं की काही सूर पडद्यावरच्या जाळीत भलत्याच घरात उडी मारतात. मींड तर काही केल्या खरी वाटत नाही. एक मित्र म्हणतो, 'हे नवशिक्यांचं सॉफ्टवेअर आहे, व्यावसायिक लोक वापरतात ते घे.' दुसरा म्हणतो, 'कॉम्प्युटरवर होतं ते संगीतच नव्हे.' तेव्हा महागडं सॉफ्टवेअर घ्यावं, कॉम्प्युटर सोडून एखादं स्वतंत्र यंत्र घ्यावं, की नादच सोडावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार,

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं तुम्ही जाता जाता लिहिली आहेत, आणि मी त्यांच्यापाशीच अडकले. पहिलं : 'घरच्यांची झोप मोडू नये म्हणून ब्लूटूथ हेडफोन लावून बसतो.' दुसरं : 'पूर्ण झालेले तीन म्हणजे भाचीच्या शाळेच्या नाटकासाठी केलेले तुकडे, ते काही धरण्यासारखे नाहीत.' का बरं धरायचे नाहीत? त्याकडे नंतर येते. आधी हेडफोन.

कॉम्प्युटरमधून आवाज थेंबाथेंबाने बाहेर पडत नाही, ओंजळीओंजळीने पडतो. या ओंजळीला बफर म्हणतात. सेकंदाला 44,100 सॅम्पल, म्हणजे आवाजाचे सुटे कण, या हिशेबाने 1024 सॅम्पलची ओंजळ भरायला 23 मिलिसेकंद लागतात, 256 ची भरायला सहाच्या आत. हवेतून एक मीटर यायला आवाजाला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे 256 वर वाजवणं म्हणजे वाद्यापासून दोन मीटरवर उभं राहून ते ऐकणं. त्याने कुणाचं काही अडत नाही. 1024 वर तेच अंतर आठ मीटर होतं आणि बोटं बिचकायला लागतात. ब्लूटूथ त्यात स्वतःची भर घालतो. आवाज आवळायचा, पाठवायचा, पलीकडे पुन्हा उलगडायचा, या खटाटोपात शंभर ते दोनशे मिलिसेकंद सहज जातात. दीडशे धरले तरी तुम्ही कळ दाबताय इथे आणि ऐकताय पन्नास मीटरवरून.

घोटाळा इथेच संपत नाही. ज्या क्लिकच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या टिकटिकीच्या, आधाराने तुम्ही वाजवता तीही उशिराच ऐकू येते. तिच्या बरोबर वाजवलं की सॉफ्टवेअरच्या नोंदीत तुमचा सूर मागे पडलेला दिसतो. स्वतःचा सूर उशिरा ऐकू आला म्हणून तुम्ही घाई केलीत की तो थोडा पुढे सरकतो. तुमच्याही नकळत तुम्ही सतत या दोहोंमध्ये तडजोड करत असता. आता मिनिटाला 120 मात्रांच्या टेम्पोत पाव मात्रेचं, म्हणजे सोळाव्या भागाचं, एक घर 125 मिलिसेकंदांचं असतं. क्वांटाइझ प्रत्येक सुराला जवळच्या रेषेवर ओढतो, म्हणजे उशीर साधारण 62 मिलिसेकंदांच्या पुढे गेला की सूर मागच्या रेषेकडे न जाता पुढच्या रेषेला चिकटतो. काही सूर या बाजूला, काही त्या. तुम्ही ज्याला 'भलत्याच घरात उडी' म्हणता, ती हीच असावी असा माझा दाट संशय आहे.

खात्री करून घेणं सोपं आहे. क्लिक बंद करा, डोळे मिटा, एकच कळ ठाकठीक आपटा आणि कळेचा प्लास्टिकचा टक् व हेडफोनमधला सूर यांत फट ऐकू येते का बघा. मग तारेचा हेडफोन थेट कॉम्प्युटरला किंवा ऑडिओ इंटरफेसला (माइक-हेडफोन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीला) लावून तेच करा. फट बुजली तर तुमच्या दोन वर्षांच्या त्रासातला मोठा भाग एका तारेने सुटला. वाजवताना बफर 128 किंवा 256 वर ठेवा, मिक्स करताना खुशाल 1024 करा. विंडोज वापरत असाल तर ऑडिओ सेटिंगमध्ये हा उशीर कमी ठेवणारा एएसआयओ ड्रायव्हर निवडलेला आहे ना ते पाहा. मॅकमध्ये ही सोय प्रणालीतच असते. आणखी एक जागा लोक विसरतात. मुख्य आउटपुटवर आवाज 'मोठा आणि झळाळता' करणारे लिमिटरसारखे प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) लावून ठेवलेले असतात. त्यांतले काही पुढचा आवाज आधी बघून मग निर्णय घेतात, म्हणून सगळ्यालाच उशीर लावतात. वाजवताना ते बंद ठेवा.

आता जीव नसल्याबद्दल.

सीक्वेन्सर मुळात काय साठवतो हे एकदा नीट पाहिलं की निम्मी तक्रार आपोआप वेगळी दिसते. मिडी ट्रॅकमध्ये आवाज नसतोच. तिथे असतात सूचना : अमुक क्रमांकाची कळ या क्षणी दाबली, इतक्या जोराने दाबली, या क्षणी सोडली. पियानोच्या मधल्या 'सी'चा क्रमांक 60, जोर 0 ते 127 मधला एखादा आकडा. पडद्यावरच्या त्या जाळीला पियानो रोल म्हणतात, कारण आपोआप वाजणाऱ्या जुन्या पियानोंत भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या असत. भोक आलं की कळ वाजायची. आपण तेच करतो, फक्त कागदाऐवजी पडदा आहे. या पद्धतीतली ताकद अफाट आहे. मिनिटभराचा स्टिरिओ आवाज 24 बिटमध्ये नोंदवला तर सुमारे 16 मेगाबाइट होतो, त्याच मिनिटाच्या सूचना काही किलोबाइटमध्ये मावतात. सूचना असल्यामुळे टेम्पो बदलला तरी सूर चढत-उतरत नाही, पट्टी बदलता येते, पियानोवर वाजवलेलं व्हायोलिनला देता येतं, एकच चुकलेला सूर बोटाने उचलावा तसा उचलून नीट ठेवता येतो. ज्याला चार वाद्यं वाजवता येत नाहीत त्याला चाळीस वाद्यांची रचना करून ऐकता येते. एके काळी असं ऐकायचं तर लोक जमवावे लागत.

दुसऱ्या मित्राला हेच सांगा. आणि हेही सांगा की कॉन्लन नॅनकॅरो नावाच्या संगीतकाराने आयुष्याची कित्येक वर्षं त्या कागदी गुंडाळ्यांना हाताने भोकं पाडण्यात घालवली, कारण त्याच्या डोक्यातले वेग कुठल्याच माणसाच्या बोटांना झेपणारे नव्हते. यंत्राला माणसासारखं वाजवायला लावणं हा सीक्वेन्सरचा एकच उपयोग नव्हे. त्या वादात यापुढे वेळ घालवू नका.

पण सूचनेची दुबळी बाजूही तिथेच आहे. सूचनेत जे लिहिलेलं नाही ते वाजत नाही. वादक एखादी ओळ वाजवताना सुरुवातीला श्वास घेतो, मधल्या सुरावर किंचित रेलतो, शेवटचा सूर सोडताना हात हलका करतो. यातलं काहीही तुम्ही माउसने ठिपके मांडून आणलं नाहीत, तर सॉफ्टवेअर स्वतःहून आणणार नाही. बहुतेक ठिकाणी माउसने मांडलेला प्रत्येक सूर एकाच ठरावीक जोराचा, समजा 100 चा, असतो. जाळीत मांडला म्हणून वेळेवर, ठरावीक म्हणून सारख्या जोराचा, घराएवढाच म्हणून सारख्या लांबीचा. मग साच्यातून काढल्यासारखं वाटणारच, कारण साचाच आहे तो.

म्हणून उलट दिशेने जा. हाताने वाजवा, वाकडं आलं तरी ठेवा. क्वांटाइझ करताना जोर शंभर टक्के न लावता पन्नास-साठ टक्के लावा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते, म्हणजे सूर रेषेच्या निम्मा जवळ सरकतो, तिला चिकटत नाही. सगळे ट्रॅक क्वांटाइझ करायचीही गरज नाही. ठेका बांधून ठेवा, त्यावरची मुख्य सुरावट मोकळी सोडा. स्विंग, म्हणजे दर दुसरा ठोका किती मागे सरकवायचा, हा आकडा दिसेल तिथे खेळून बघा. 50 म्हणजे सरळ, 66 च्या आसपास म्हणजे तिपटीचा झोल. रॉजर लिन यांच्या 1980 च्या ड्रम मशीनमध्ये ही सोय होती आणि आजही ठेक्याला चालता करायला याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही. मग प्रत्येक सुराचा जोर बघा. ओळ चढते तिथे जोर चढतोय का? शेवटच्या सुराची लांबी उगाच पुढच्या ओळीत शिरतेय का? नोंदीची बारकाई पुरेल का, ही शंका मनात आणू नका. एका मात्रेचे 960 भाग करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 120 च्या टेम्पोला एक भाग अर्ध्या मिलिसेकंदाचा पडतो. तुमच्या बोटांत जे काही आहे ते तिथे नक्की मावतं.

'ह्युमनाइझ' नावाचं बटण मात्र मला कधीच पटलं नाही. ते सुरांना इकडे-तिकडे थोडं विस्कटून देतं, कुठलाही हेतू नसताना. माणूस असा विस्कटत नाही. तो जिथे ओढतो तिथे त्याला काहीतरी सांगायचं असतं, आणि दुसऱ्यांदा त्याच जागी आला की साधारण तसंच ओढतो. विस्कटलेला साचा हा साचाच राहतो, वर मळलेला दिसतो.

क्लिकचाही जरा फेरविचार करा. रचना संथ असेल, तिच्यात थांबे असतील, तर आधी क्लिक न लावता वाजवून घ्या आणि मग सॉफ्टवेअरला तुमच्या मात्रांच्या मागे चालायला लावा. याला टेम्पो मॅपिंग म्हणतात. काम किचकट आहे, पहिल्या खेपेला तासभर मोडतो. पण त्यानंतर घरांच्या रेषा तुमच्या श्वासाप्रमाणे लांब-आखूड होतात आणि बाकीची वाद्यं त्या श्वासावर बसतात. तुमच्यासारख्या बासरीवाल्याला ही गोष्ट मी पहिल्या महिन्यातच शिकवली असती.

मींड. इथे तुमची तक्रार रास्त आहे, आणि ती सॉफ्टवेअरपेक्षा त्याच्या पायाशी असलेल्या नियमावलीबद्दल आहे. मिडी 1983 साली लोकांसमोर आलं. निरनिराळ्या कंपन्यांची कीबोर्ड वाद्यं एकमेकांशी बोलावीत, हा त्यामागचा हेतू. कीबोर्डवाल्यांनी केलेली भाषा असल्यामुळे तिच्यात 'कळ दाबली, कळ सोडली' हे स्वच्छ सांगता येतं, पण 'या सुरावरून त्या सुरावर असं घसरत जा' हे सांगायला स्वतंत्र पिचबेंडची सूचना जोडावी लागते. तिच्यात 16,384 पायऱ्या असतात, म्हणजे बारकाईची कमतरता नाही. कमतरता अशी की ती अख्ख्या चॅनेलला लागू होते. एकाच वेळी तीन सूर वाजत असतील तर तिन्ही घसरतात. दुसरं, किती घसरायचं ही मर्यादा वाद्याच्या सेटिंगमध्ये असते आणि बहुधा दोन्ही बाजूंना दोन सेमिटोनवर (लगतच्या दोन कळांमधलं अंतर म्हणजे एक सेमिटोन) ठेवलेली असते. तुम्ही पाच सुरांची मींड काढायला गेलात तर ती मधेच अडकणार किंवा तुकड्यांत जोडावी लागणार. वाद्याच्या सेटिंगमध्ये ही मर्यादा बारावर न्या, ट्रॅकवर एका वेळी एकच सूर ठेवा, आणि घसरण्याची रेषा सरळ न काढता आधी हळू, मधे वेगात, पोचताना पुन्हा हळू अशी वळणदार काढा. निम्मा फरक तेवढ्याने पडतो. 2018 पासून एमपीई नावाची पद्धत रूढ झाली आहे. तिच्यात प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनेल मिळतो, त्यामुळे प्रत्येक सूर आपापला वळवता येतो. पण त्यासाठी तसा कीबोर्ड, तसं वाद्य आणि तसं सॉफ्टवेअर, तिन्ही लागतात. 2020 साली जाहीर झालेल्या मिडी 2.0 मध्ये जोराच्या पायऱ्या 128 वरून 65,536 वर गेल्या आहेत आणि प्रत्येक सुराला वेगळं वळण देण्याची सोयही मुळातच आहे.

हे सगळं सांगून झाल्यावर माझा खरा सल्ला वेगळाच आहे. मींड काढू नका, वाजवा. कपाटातली बासरी बाहेर काढा. आजचा जवळजवळ प्रत्येक सीक्वेन्सर मिडीच्या शेजारी प्रत्यक्ष आवाजाचा ट्रॅकही घेतो. मायक्रोफोन इंटरफेसला जोडा, तो तोंडासमोर न धरता हातभर लांब आणि जरा बाजूला ठेवा, म्हणजे फुंकीचा फरफराट येणार नाही, आणि खिडकी-पंखा बंद करून वाजवा. ठेका, मागची संगत, लांब सूर हे सगळं प्रोग्राम केलेलं असू दे. त्यावर एकच खरं वाद्य आलं की ऐकणाऱ्याचा कान त्याच्याकडे जातो आणि बाकीच्यांच्या साचेबद्धपणाला तो माफ करून टाकतो. हे मी पुन्हापुन्हा करून पाहिलं आहे. रात्री बासरी वाजवता येणार नाही, मला कल्पना आहे. मग रचना रात्री करा आणि बासरीसाठी सुट्टीच्या दिवसाचा एक तास मागून घ्या.

महागडं सॉफ्टवेअर घ्यावं का? तुमच्या मित्राच्या बोलण्यामागे एक समजूत आहे की व्यावसायिक सॉफ्टवेअरचा 'आवाजच' चांगला असतो. ही समजूत घरबसल्या तपासता येते. तुमचे चार ट्रॅक आवाजाच्या फाइली म्हणून बाहेर काढा, दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये सारख्याच पातळीवर, कोणताही इफेक्ट न लावता, सगळे मध्यभागी ठेवून एकत्र करा. मग एका मिक्सची पोलॅरिटी उलटवून, म्हणजे आवाजाची लहर खालची वर करून, तो दुसऱ्यावर ठेवा. दोन्ही सारखे असतील तर एकमेकांना पुसून टाकतील आणि शांतता ऐकू येईल. ट्रॅक डावी-उजवीकडे सरकवलेले असले तर बाजू वाटून देण्याचा प्रत्येकाचा नियम वेगळा असल्याने फरक पडू शकतो, म्हणून मध्यभाग म्हटलं. बेरीज ही बेरीजच असते, ती कुठलाही कॉम्प्युटर सारखीच करतो. फरक पडतो तो सोबत आलेल्या वाद्यांत, इफेक्टमध्ये आणि काम करण्याच्या रीतीत.

रीत मात्र खरोखर महत्त्वाची. क्यूबेस, लॉजिक, रीपर यांच्यात काळ डावीकडून उजवीकडे वाहतो. ज्याच्या डोक्यात रचनेची सुरुवात-मध्य-शेवट आधीच असतो त्याला हे सोयीचं. एबलटन लाइव्ह 2001 साली आलं ते मंचावर वाजवण्याच्या कल्पनेतून. तिथे तुकडे हवे तेव्हा सुरू करून एकमेकांवर रचता येतात, आणि नेमकं याच सुखामुळे माणूस आठ मात्रांच्या चक्रात तासन्‌तास फिरत राहतो. एफएल स्टुडिओ आकृतिबंध बांधून ते मांडण्याची सवय लावतो. मॅक असेल तर गॅरेजबँड सोबतच येतं आणि पुढे लॉजिककडे वळलं तर त्याचे प्रोजेक्ट तिथे उघडतात. एलएमएमएस आणि आर्डर मुक्त स्रोत आहेत. तुमचं सध्याचं कोणतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुम्हाला जे करायचं आहे ते त्यात होत नाही असं एकही काम पत्रात मला सापडलं नाही. नवीन सॉफ्टवेअरची खरी किंमत पैशात नसतेच. दोन वर्षांत तुमच्या बोटांना जे शॉर्टकट पाठ झालेत ते विसरून नवे पाठ करायचे, आणि त्या सहा महिन्यांत रचना करायच्या नाहीत, ही खरी किंमत. त्यातून बदलायचंच असेल तर चाचणी आवृत्ती घ्या आणि तिच्यात एक रचना शेवटपर्यंत न्या. फक्त चाचपून बघण्यात सगळीच सॉफ्टवेअर मोहक वाटतात.

स्वतंत्र यंत्राचं आकर्षण मी समजू शकते. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाला रात्री पुन्हा पडदा नको असतो. गुंड्या, पॅड, चालू केलं की लगेच तयार, ईमेल नाही, सूचनांचा ठणाणा नाही. 1988 च्या एमपीसी 60 या ठेक्याच्या यंत्रामध्ये एका मात्रेचे 96 भागच होते, तुमच्या कॉम्प्युटरच्या तुलनेत अगदी जाडेभरडे, आणि तरी तिच्या ठेक्याची चाल लोक आजही शोधत असतात. मर्यादा कधीकधी उपकारक असतात हे खरंच. पण छोट्या पडद्यावर लांब रचना मांडणं जिकिरीचं होतं, आणि बासरीचे चार प्रयत्न नोंदवून त्यांतले चांगले तुकडे जोडणं तर कॉम्प्युटरवरच करावं. तुम्ही ठेक्यावर जगणारे असता तर मी यंत्र घ्या म्हटलं असतं. तुम्ही सुरावटीचे आहात, निदान पत्रावरून तसं वाटतं.

एक उणीव मात्र कोणतंही सॉफ्टवेअर घेतलंत तरी पिच्छा सोडत नाही, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. प्रोजेक्टची फाइल ज्या सॉफ्टवेअरची, बहुधा तेच ती उघडतं. 1987 पासून चालत आलेल्या केकवॉक या सॉफ्टवेअरचं काम त्याच्या मालक कंपनीने 2017 च्या शेवटी थांबवलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने ते उचललं म्हणून वापरणारे वाचले, पण मधले काही महिने त्यांच्या जीवाला घोर होता. 2019 च्या मॅकओएस कॅटलिनाने 32 बिटचे सगळे प्लगइन एका फटक्यात बंद पाडले. माझी स्वतःची एक बारा ट्रॅकची जुनी रचना आहे. तिच्यातलं मुख्य वाद्य ज्यांनी बनवलं त्यांनी ते सांभाळणं केव्हाच सोडलं. आज फाइल उघडते तेव्हा त्या ट्रॅकवर सूर दिसतात, ऐकू येत नाहीत. ते वाद्य नक्की कसं वाजायचं हे मला आता नीट आठवतही नाही. तेव्हापासून रचना संपली की प्रत्येक ट्रॅक पहिल्या क्षणापासून सुरू होणारी वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढते, सोबत मिडी फाइल आणि टेम्पो लिहिलेला एक कागद. एवढं असलं की ती रचना कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उभी राहते. तुमच्या तीन पूर्ण तुकड्यांचं हे काम याच आठवड्यात उरका.

कॉम्प्युटर जुना असल्याने आवाज तुटतो, अशी तक्रार घेऊन आणखीही काही पत्रं आली आहेत. त्यांनाही हीच युक्ती कामी येईल : जो मिडी ट्रॅक जमला तो 'फ्रीझ' करा, म्हणजे त्याचा आवाज कायम होतो आणि वाद्याचा भार उतरतो. नवा कॉम्प्युटर घेण्याआधी हे करून पाहावं.

आणि तुम्हाला फ्रीझचा दुसराही उपयोग आहे. आता 71 अर्धवट प्रोजेक्टांकडे येते. सीक्वेन्सरमध्ये कधीच काही ठरत नाही. वाद्य उद्या बदलता येतं, टेम्पो परवा, पट्टी पुढच्या महिन्यात, आणि आधीचं सगळं 'अनडू'मध्ये शाबूत. ही त्याची सर्वात मोठी शक्ती, आणि माझ्या मते तुमच्या फोल्डरचं दुखणंही हेच. ज्या गोष्टीत प्रत्येक निर्णय मागे घेता येतो तिथे निर्णय घ्यावासाच वाटत नाही. तुम्ही पियानोचा आवाज निवडायला बसता, दोनशे आवाज ऐकता, पहिल्या पन्नासांत जे मनात होतं ते विसरून जाता. मीही असे कित्येक रात्रींचे तास घालवले आहेत, तेव्हा हे तुम्हाला बोल लावण्यासाठी म्हणत नाही.

त्यावर उपाय म्हणून स्वतःला मुद्दाम कोंडून घ्यावं लागतं. आठ ट्रॅक, त्याहून एकही जास्त नाही. वाद्यं पहिल्या दहा मिनिटांत निवडायची आणि बसण्याआधीच कागदावर लिहायचं की रचना किती मिनिटांची, कुठून कुठे जाणारी. एखादा ट्रॅक जमला की तो आवाजात बदलून त्याची मिडी लपवून टाकायची, म्हणजे पुन्हा उकरत बसता येणार नाही. ऐकताना पडदा चक्क बंद करायचा. जाळी डोळ्यांसमोर असली की माणूस डोळ्यांनी ऐकतो, सूर रेषेपासून दोन ठिपके सरकलेला दिसला की तो चुकीचाच वाटायला लागतो, मग कानाला तो गोड लागलेला असला तरी. 71 पैकी कुठलेही दहा काढा, पडदा बंद करून एकेकदा ऐका आणि गुणगुणत राहिलेला एकच ठेवा. बाकीचे पुसू नका, पण दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, नजरेआड.

आता ते तीन तुकडे. त्यांना शेवट होता, कारण नाटकाला तारीख होती. ते किती लांबीचे हवेत हे प्रसंगाने ठरवलं होतं, कुणासाठी आहेत हे तुम्हाला माहीत होतं, आणि सॉफ्टवेअर हेच होतं, हेडफोनही बहुधा हेच. तुम्ही त्यांना मोजत नाही, कारण ते 'आपल्यासाठी' केलेले नव्हते. पुन्हा एकदा ऐकून बघा बरं, पडदा बंद करून. त्यांत साच्यातून काढल्यासारखं काही आहे का, हे मला पुढच्या पत्रात कळवा. पाठवले तर मीही ऐकीन.

तोवर तारेचा हेडफोन शोधा, बासरीवरची धूळ पुसा, आणि भाचीला विचारा पुढचं नाटक कधी आहे.